वहिनी, धावपट्टीवर तुम्ही पाय उचललात तेव्हा

वहिनी, तुमच्या तेराव्याला आलेल्या बायका तुमच्या हातच्या पुरणाच्या होळिग्यांची आठवण काढत होत्या. मी आणि तुमची लेक नलू एकमेकांकडे बघत राहिलो. तुमची होळिगे तव्यावरून ताटात कधी अखंड उतरली नाही, हे अर्ध्या गवीपुरमला ठाऊक आहे. पण गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी गोड बोलायचं असतं, आणि त्या बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसावं. शेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी उभी होती. जेवायला बसलेल्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून मी लिहायला बसलोय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, वहिनी. सहा-सात वर्षं चाललेलं भांडण असं कावीळ होऊन संपत नसतं.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या कॉलेजात होतो. बळ्ळारीकडच्या एका छोट्या संस्थानात तुमचे वडील मोटारखाना सांभाळायचे, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. संस्थान विलीन झालं, मोटारी विकल्या गेल्या, आणि वडिलांनी तुमचं लग्न माझ्या थोरल्या भावाशी, अण्णाशी, लावून दिलं. अण्णाचं गॅरेज आहे हे ऐकूनच तुम्ही होकार दिलात असं तुम्ही पुढे म्हणायचात. अण्णा ते ऐकून हसायचा, पण त्याला ते फारसं आवडायचं नाही.

एका दुपारी अण्णा गिऱ्हाइकाची लांबलचक गाडी आपल्या बोळातून मागे काढत होता. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा तुळशीकट्टा. बराच वेळ त्याचं पुढे-मागे, पुढे-मागे चाललं होतं. तुम्ही दारातून बाहेर आलात, खिडकीशी वाकलात आणि हळूच म्हणालात, "स्वल्प उतरता का?"

अण्णा उतरला. का उतरला ते त्यालाही सांगता आलं नाही. तुम्ही बसलात, एकदा मान वळवून मागे पाहिलंत आणि गाडी एका दमात रस्त्यावर नेऊन उभी केलीत. आई पायरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सून पाहिली, गाडी पाहिली, आणि म्हणाली, "लुगडं सांभाळ गं, कुठं अडकेल." आमच्या घरात त्या विषयावर झालेली चर्चा तेवढीच.

ती अमेरिकन गाडी आपल्याकडे आली ती मात्र दोरीनं ओढत. चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळेवाल्यानं मोठ्या हौसेनं आणवलेली. दोन दारं, लांब नाक, मलईचा रंग. बॉनेट उघडलं तर आत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि त्याच्या पुढ्यात पट्ट्यावर फिरणारा, गोगलगायीच्या शंखाच्या आकाराचा ब्लोअर. अण्णानं तसलं काही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. तोवर मला विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि आमच्या टेस्ट बेंचवर चढणाऱ्या इंजिनांना तसलेच ब्लोअर असत. अण्णानं हेड उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या माथ्यावर आरपार भोक पडलेलं दिसलं. पिस्टन बाहेर काढल्यावर तुम्ही त्या भोकातून करंगळी घातलीत आणि ती पलीकडे हलवून मला दाखवलीत.

मळेवाला छावणीतल्या मोठ्या गॅरेजांतून फिरून आला होता. सगळ्यांनी त्याला एकच सल्ला दिला होता: हे इंजिन काढून फेका, डिझेल बसवा, टॅक्सीला लावा. तेव्हा सगळे तेच करायचे. अमेरिकेहून एखादा सुटा भाग मागवायचा तर परवाना हवा, परकीय चलन हवं, आणि वर देवाची कृपा हवी. मालक कंटाळला होता. गाडी अण्णाच्या गळ्यात टाकून तो निघून गेला. अण्णाचाही बेत ठरला होता: डिझेल बसवायचं, म्हैसूर-ऊटीला भाड्यानं चालवायची.

"दसऱ्यापर्यंत थांबा," तुम्ही त्याला म्हणालात. "तोवर हिचंच इंजिन चाललं नाही, तर डिझेल बसवायला मी स्वतः पाना धरीन."

"अगं, पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? घोड्याच्या पायात काटा गेला तर घोडा काढून त्या जागी रेडा बांधतात का?"

अण्णाला हसू आलं आणि तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं म्हणजे परवानगी, हे तुम्ही फार लवकर ओळखलं होतं.

रविवारी तुम्ही मला पकडलंत. "भावजी, विमानाच्या इंजिनाला पंखा कशाला लागतो?" मी शेडच्या फरशीवर खडूनं चित्र काढून सांगू लागलो. साधं इंजिन स्वतःच श्वास ओढतं. पिस्टन खाली गेला की हवा आत येते, जेवढी येईल तेवढी. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानात ती पंख्यानं आत ढकलावी लागते. तोच पंखा जमिनीवरच्या गाडीला लावला तर त्याच सिलिंडरात जास्त हवा बसते, जास्त पेट्रोल बसतं, स्फोट मोठा होतो. तेवढ्याच इंजिनातून दीडपट जोर निघतो. पण कोंबलेली हवा तापते. अमेरिकेत त्यासाठी चांगल्या प्रतीचं पेट्रोल मिळतं. आपल्या इथल्या पंपावर, बंकात मिळणारं पेट्रोल तेवढा दाब आणि तेवढी आच सोसत नाही. ठिणगीनं पेटलेली आग शिस्तीनं पसरायच्या आधी उरलेलं पेट्रोल आपलं आपण भडकतं. आत कुणी हातोडीनं ठोकावं तशी टकटक होते. ती टकटक चालू असताना कुणी पाय दाबूनच ठेवला, की पिस्टनला भोक.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "म्हणजे इंजिनात दोष नाही. जेवणात आहे."

"जेवणात आहे," मी म्हणालो. "मी सोय करतो. फ्लाइंग क्लबातल्या ओळखीनं विमानाचं पेट्रोल मिळेल. ते घातलं की हिला हात लावायला नको."

"रोज?"

"रोज नाही. शर्यतीपुरतं."

"कुठली शर्यत?"

शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर डिसेंबरात मोटारींच्या शर्यती होतात, हे मी तेव्हा बोलून गेलो. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. पण तुम्ही लगेच मान हलवलीत. "शर्यत बघू पुढं. गाडी बंकातल्या पेट्रोलवर चालली पाहिजे, भावजी. नलूला शाळेत सोडायला विमानाचं पेट्रोल कुठून आणायचं?"

आणि इथून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं असं, की हेडखाली तांब्याचं जाड गॅस्केट घालू, म्हणजे आतला दाब उतरेल. ब्लोअरला मोठी पुली लावू, म्हणजे तो थोडा सावकाश फिरेल. ठिणगी जराशी उशिरा पाडू. मी म्हणालो, मग ब्लोअर ठेवायचाच कशाला? "सिंह आणायचा आणि ताकावर ठेवायचा!"

"ताक पिऊन जगला तर उद्या धावेल तरी," तुम्ही म्हणालात. "तुमचं मटण खाऊन तो एका दिवसात मेला तर?"

तो सगळा पावसाळा आपण दर रविवारी भांडलो आणि दर रविवारी कामही केलं. तुमच्याशी भांडताना हात थांबवायची सोय नव्हती. एका लॉरीचा पिस्टन तासून आपण भोक पडलेल्याच्या जागी बसेल असा केला. पण आठही पिस्टन वजनाला सारखे हवेत, नाहीतर इंजिन थरथरून खिळखिळं होईल. कारखान्यातला काटा बाहेर मिळणार नव्हता. तुम्ही आठही पिस्टन जुन्या धोतरात गुंडाळलेत आणि मला घेऊन चिकपेटेत गेलात, आपल्या नेहमीच्या सोनाराकडे. त्यानं गाठोडं उघडलं आणि बघतच राहिला.

"अक्का, हे कुठले दागिने?"

"आठ जावा आहेत," तुम्ही गंभीरपणे म्हणालात. "सगळ्यांना सारखं घातलं पाहिजे. एकीला गुंजभर जास्त झालं तरी घर मोडेल."

तो माणूस हसून हसून रडायचा बाकी राहिला. पण त्यानं दुकानातली गर्दी थांबवून एकेक पिस्टन तोलून दिला. तुम्ही तिथेच पायरीवर बसून कानस चालवत होतात, आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. मला लाज वाटत होती. तुम्हाला वाटत नव्हती. मग मीही खाली बसलो. त्या पायरीवर मी जे शिकलो ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. लोक थोडा वेळ बघतात आणि कंटाळून निघून जातात, एवढंच असतं ते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी अण्णानं बॉनेटवर झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि किल्ली तुमच्या हातात दिली. पहिल्यांदा नुसती गुरगुर झाली, मग एक फटका, काळा धूर. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. तो आवाज आपल्या शेडला नवा होता. खाली आठ सिलिंडरांची जाड घरघर, आणि तुम्ही पाय दाबलात की तिच्यावर चढत जाणारी ब्लोअरची बारीक शीळ. छोटी नलू कानांवर हात ठेवून नाचत होती. अण्णा माझ्या कानाशी ओरडला, "डिझेलवाल्याला नको म्हणून सांग!" तुम्ही ते ऐकलंत की नाही कोण जाणे. तुम्ही डोळे मिटून इंजिन ऐकत होतात.

पहिल्या रविवारी होसकोट्याच्या रस्त्यावर आपण तिला नेलं. जुन्या बाजारातल्या गुजरीतून आणलेलं दाबाचं मीटर मी मांडीवर धरून बसलो होतो, त्याची नळी बॉनेटमध्ये गेलेली. हळू चालवताना ती कुठल्याही जड गाडीसारखी होती, उलट जरा आळशीच. मग मोकळा रस्ता आला आणि तुम्ही पाय दाबलात. क्षणभर काही झालं नाही. मग शीळ वर चढू लागली, मांडीवरच्या मीटरचा काटा उठला, आणि मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसा मी सीटमध्ये रुतलो. तो जोर वेगाबरोबर संपत नव्हता, वाढत होता. इतर गाड्या जिथे दमतात तिथे हिला नुकती जाग येत होती. कडेची चिंचेची झाडं एकमेकांना चिकटली. समोर बैलगाडी दिसली तेव्हा तुम्ही ब्रेक दाबला, आणि मग कळलं की अमेरिकनांनी सगळी अक्कल पळण्यात खर्च केली होती. बैलांच्या शेपट्यांपाशी गाडी कशीबशी थांबली.

गाडीवान शांतपणे वळून बघत म्हणाला, "याकम्मा इष्टु अर्जंटु?" बाई, इतकी कसली घाई?

तुम्ही स्टीअरिंगवर कपाळ टेकून हसत सुटलात. तसं मोकळं हसताना मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या वर्षांत गेलेली दोन लेकरं, सासऱ्यांचं आजारपण, या घरात तुम्हाला हसायला फार फुरसत मिळाली नव्हती. त्या दिवशी परत येताना मी मीटरकडे पाहिलंच नाही.

आता त्या डिसेंबरची गोष्ट.

धावपट्टीवर टेबल मांडून बसलेले शर्यतींचे सेक्रेटरी निवृत्त लष्करी गृहस्थ होते. सभ्य माणूस. तुम्हाला पाहून उभे राहिले. बायकांसाठी वेगळा कार्यक्रम आहे म्हणाले, सोड्याच्या बाटल्या मांडून त्यांच्यामधून गाडी वळवत न्यायची, बक्षीस चांगलं आहे. सरळ धावेची शर्यत पुरुषांची, गाडी अण्णाच्या नावावर घेऊ, चालवतीलही तेच.

अण्णा म्हणाला, "मला ही गाडी एवढ्या वेगानं चालवता येत नाही, सर."

एवढ्या लोकांसमोर एवढं सरळ बोलणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही, वहिनी. त्याच्या त्या वाक्याबद्दल तुम्ही त्याला कधी काही म्हणालात का? माझ्यासमोर तरी नाही.

सेक्रेटरी अडचणीत पडले. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण रीत होती. तेव्हा तुम्ही पुढे झालात आणि कन्नडमध्ये म्हणालात, "सार, गाडीगे गोत्तिल्ला." गाडीला ठाऊक नसतं, कोण चालवतंय ते. मागे उभ्या असलेल्या मेकॅनिकांमध्ये हशा पिकला. सेक्रेटरीही हसले, आणि त्यांनी तुमचं नाव घातलं.

आदला आठवडाभर मी तुमच्या मागे लागलो होतो. त्या एका दिवसापुरतं विमानाचं पेट्रोल घाला, छोटी पुली लावा. डबा भरून तयार आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. "ज्या गाडीनं आपण रोज फिरतो तीच पळवायची. उद्या सकाळी दूध आणायला हीच न्यायची आहे." मी चिडून त्या सकाळी तुमच्याशी बोललोही नाही. पलीकडे तयार होत होती दुसऱ्या एका मळेवाल्याच्या पुतण्याची इंग्रजी गाडी, उघडी, बुटकी, हलकी. ती आपल्या गाडीपेक्षा चपळ होती हे मला दिसत होतं.

मी आणि अण्णा शेवटच्या रेघेपाशी उभे होतो. निशाण पडलं. तुमची मागची चाकं जागेवरच फिरली, धूर झाला, आणि इंग्रजी गाडी सुटून पुढे गेली. चांगलीच पुढे. अण्णानं माझा दंड धरला. मग ती शीळ ऐकू आली. आधी लांबून, मग चढत, चढत. तुमच्या गाडीचं नाक उचललं गेलं. अर्धी धावपट्टी सरेपर्यंत तुम्ही त्याच्या मागच्या चाकाशी आलात, मग दाराशी, मग पुढे. लोक ओरडायला लागले होते. तुम्ही एक गाडीभर पुढे होतात आणि रेघ समोर होती.

आणि तुम्ही पाय उचललात.

शीळ पडली. नाक खाली बसलं. इंग्रजी गाडी तुमच्या बाजूनं निघून गेली आणि रेघ तिनं आधी ओलांडली, हातभर अंतरानं.

मी धावत आलो तेव्हा तुम्ही इंजिन चालू ठेवून ऐकत होतात. अनवाणी. चप्पल तुम्ही गाडीत नेहमी सीटखाली सारायचात. मी ओरडलो, "काय झालं? का सोडलंत?"

"टकटक लागली."

"मला नाही ऐकू आली!"

"तुम्ही बाहेर होता."

"वहिनी, एक क्षण! एक क्षण दाबून धरलं असतं तर—"

"तर भोक पडलं असतं," तुम्ही म्हणालात आणि इंजिन बंद केलंत. "सरी, बरं. चला, ऊन लागतंय."

जिंकलेला मुलगा आला, हेल्मेट काढून म्हणाला, "अक्का, तुम्ही मला हरवलं होतं." तुम्ही म्हणालात, "हो." आणि त्याला आपल्या डब्यातला चिवडा दिलात.

त्या दिवसापासून आपण भांडतोय. मी म्हणायचो, विमानाचं पेट्रोल घातलं असतं तर टकटक झालीच नसती. तुम्ही म्हणायचात, पेट्रोलावर भरवसा ठेवून पाय दाबणाऱ्यानंच तो पहिला पिस्टन जाळला होता. पुढच्या उन्हाळ्यात गॅस्केटसाठी हेड उघडलं तर शेवटच्या सिलिंडरातल्या पिस्टनच्या माथ्यावर बारीक टिपके उमटले होते, कुणी सुईनं टोचावेत तसे. "बघा," तुम्ही म्हणालात. "हे जुने असतील," मी म्हणालो. तुम्ही पिस्टन माझ्या हातात देऊन चहा करायला गेलात.

गंमत अशी, की हरलेल्या त्या शर्यतीनं अण्णाचं गॅरेज उभं राहिलं. जिंकता जिंकता इंजिनासाठी पाय उचलणारी बाई जिथे आहे, तिथे गाडी द्यायला हरकत नाही, असं लोकांच्या मनानं घेतलं. लोक येऊन विचारायचे, "अक्का आहेत का? अक्कांनी एकदा ऐकलं तर बरं." तुम्ही हात पुसत यायचात, बॉनेटवर तळवा ठेवायचात. आणि ती गाडी तिरुपतीला गेली, म्हैसूरला गेली, नलूची सायकल मागे बांधून शाळेच्या मैदानावर गेली, आणि रोज दुधालाही गेली. तिच्या इंजिनानं पुन्हा कधी दगा दिला नाही. हे मी तुम्हाला कधी मान्य करून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. नलू बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं अण्णाबद्दल काही सांगाल, नलूच्या लग्नाबद्दल सांगाल.

"भावजी, एक विचारू? त्या दिवशी रेघेपाशी तुम्ही डोळे मिटले होते ना?"

मी काही बोलायच्या आत नर्स आली, पडदा ओढला गेला, आणि मला बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर नव्हतात. म्हणून उत्तर आता देतोय.

नव्हते मिटले, वहिनी. सताड उघडे होते. धावपट्टीच्या टोकाला ती कच्ची खडी होती, तिच्यापलीकडे दगडांचा बांध, आणि त्या गाडीचे ब्रेक कसे आहेत हे माझ्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही पुढे निघालात तेव्हा मला शर्यत दिसेनाशी झाली, नुसता तो बांध दिसत होता. आणि तुम्ही पाय उचललात तेव्हा मला हायसं वाटलं. जिंकण्याचं, हरण्याचं, पेट्रोलचं, सगळं मला नंतर सुचलं, धावत येईपर्यंत. टकटक झाली होती की नव्हती हे मला अजूनही ठाऊक नाही. मी एवढी वर्षं भांडलो, कारण भांडण थांबलं असतं तर हे सांगावं लागलं असतं. आणि आपल्या घरात दिरानं भावजयीला असं काही सांगायची पद्धत नाही.

आता सांगितलं.

गेल्या बुधवारी गाड्यांचा एक दलाल आला. अण्णा पायरीवर बसला होता, तेराव्यानंतर तो बहुतेक तिथेच असतो. दलाल म्हणाला, गाडी देऊन टाका, आता कोण चालवणार, मी डिझेल बसवून घेतो. अण्णा उठला, शेडमध्ये गेला, ताडपत्री ओढून काढली आणि घडी करून फळीवर ठेवली. परत येऊन म्हणाला, "नलू चालवते. आणि हा शिकतोय."

हा म्हणजे मी. मला ते तेव्हाच कळलं.

तुम्हाला माहीत आहे, मी इतकी वर्षं इंजिनांत हात घातले आणि गाडी कधी चालवली नाही. बेंचवर बोल्टांनी घट्ट बांधलेल्या इंजिनाची मला भीती वाटत नाही. चाकांवर चढलं की वाटते. तुम्ही कितीदा म्हणालात, बसा, शिकवते. मी हसून टाळत राहिलो. आता नलू शिकवते. तिला लायसन मिळून वर्ष झालेलं नाही आणि ती तुमच्यापेक्षा कडक आहे. पहिल्या दिवशी मी बोळातच इंजिन चारदा बंद पाडलं. चौथ्यांदा नलू हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. अण्णानं पायरीवरून मान वर करून पाहिलं.

काल रविवारी आम्ही होसकोट्याच्या रस्त्यावर गेलो. आता तिथे लॉऱ्या वाढल्यात, पण सकाळी रस्ता मोकळा असतो. नलू शेजारी बसली होती. "काका, आता दाबा," ती म्हणाली. मी दाबलं. क्षणभर काही नाही. मग शीळ चढली आणि गाडीनं मला पाठीमागे ढकललं, आणि माझा पाय आपोआप आणखी खाली गेला. मी तो मुद्दाम दाबला नव्हता, वहिनी. तो जोर एकदा लागला की पाय स्वतःच खाली जातो, आणखी हवं असं सगळं अंग म्हणतं. बेंचवर मी हजारदा लिव्हर मागे घेतला असेल. तिथे हे कधी कळलं नाही. पाय उचलायला मला दात आवळावे लागले. आणि माझ्यापुढे रेघ नव्हती, लोक ओरडत नव्हते, कुणी मागे पडत नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली. नलूनं मला थर्मासमधला चहा दिला. मग म्हणाली, "काका, डिसेंबरात धावपट्टीवर नेऊया. मी चालवते."

"नेऊया," मी म्हणालो.

"छोटी पुली लावू. आणि तुम्ही फ्लाइंग क्लबातून पेट्रोल आणा."

"नाही."

"का? तुम्हीच तर अम्माशी भांडायचात त्यावरून!"

"बंकातलं पेट्रोल," मी म्हणालो. "पुली आहे तीच. गाडी रोज चालते तीच पळवायची."

"काका, पण हरू की मग!"

"हरू."

नलूनं माझ्या हातातला चहाचा पेला काढून घेतला, मला शेजारच्या सीटवर सरकायला लावलं आणि स्वतः चालवायला बसली. होसकोट्यापासून उलसूरपर्यंत ती मला सांगत होती की मी किती चुकतोय, आणि मी तिला सांगत होतो की ती किती चुकतेय. गवीपुरमला पोचलो तरी संपलं नाही. अण्णा पायरीवरून उठला आणि विचारू लागला, "काय झालं? कशावरून भांडताय?"

आम्ही दोघं एकदमच सांगू लागलो.